जुनी नाणी घरात ठेवायची कशी? (पत्र्याचं घर, कूलर आणि आईचं देवघर)

तापीकाठ
नमस्कार मंडळी. खान्देशात चोपड्याला आमचं जुनं घर आहे. वडिलांचे काका, ज्यांना आम्ही नानाबाबा म्हणायचो, गेल्या हिवाळ्यात वारले. त्यांच्या सागवानी पेटीत नाणी निघाली. घरच्यांनी एकमताने ती माझ्या गळ्यात घातली, कारण "तू मोबाइलवर बघून काढशील".

माल असा आहे: राणीछाप (व्हिक्टोरियाचे) आणि राजाछाप (नंतरच्या इंग्रज राजांचे) रुपये, निजामाचा चारमिनारवाला एक, मूठभर शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी), भोकाचे पैसे, १९५७ नंतरचे नवे पैसे, ॲल्युमिनियमची चिल्लर ढीगभर, १९६९ चं गांधीजींचं दहा रुपयांचं नाणं, आणि नानाबाबा ज्यांना "बुऱ्हाणपुरी" म्हणायचे ते फारसी अक्षरांचे दोन जाड रुपये. काही प्लास्टिकच्या अल्बमात आहेत, काही रबरबँड लावून वर्तमानपत्रात गुंडाळलेली, बाकीची थेट श्रीखंडाच्या डब्यात.

विकायची नाहीत, किंमतही विचारत नाही. फक्त कशात ठेवू आणि कुठे ठेवू, एवढं जाणकारांनी सांगावं. वडील म्हणतात लॉकर, आई म्हणते देवघर. मी वरच्या मजल्यावर राहतो. डोक्यावर पत्रे, एप्रिल लागला की कूलर.

रावेरची_केळी
"किंमत विचारत नाही" म्हणणारा पहिला धागाकर्ता पाहिला. वाखूसा (वाचनखूण साठवली).

जंक्शनकाका
तापीकाठभाऊ, तिजोरीचं नंतर बघू. आधी आजच्या आज रबरबँड आणि वर्तमानपत्र काढा. रबरात गंधक असतं, हलक्या कागदातही असू शकतं. त्याने चांदी काळी पडते, आणि रबरबँडची तर आडवी पट्टी उमटते. ती पट्टी मग नाण्यासोबतच राहते.

दुसरं काम अल्बमचं. पाकिटं नाकाशी धरा. नव्या रेनकोटसारखा वास येतो का? बोटाला चिकट लागतात का? लागत असतील तर ते पीव्हीसी. ते मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं, उष्णतेने प्लास्टिक खराब होऊन आम्ल सुटतं आणि नाण्यावर हिरवट चिकट थर धरतो. तांब्यावर लवकर दिसतो, पण चांदीचे रुपयेही सुटत नाहीत. राणीछाप रुपयात ९१.७ टक्के चांदी असते, उरलेलं तांबंच की. मे महिन्यात पत्र्याखालच्या कपाटाला हात लावून बघा, म्हणजे मी हे पहिल्यांदा का सांगतोय ते कळेल.

वासावरून खात्री पटत नसेल तर एक जुनी चाचणी आहे. तांब्याची तार पकडीत धरून लाल होईस्तोवर तापवा, रिकाम्या पाकिटाला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी. धूर वाईट असतो, म्हणून गच्चीवर करा, आणि नाणी तिथे नेऊ नका.

आता पर्याय. बऱ्याच नाण्यांसाठी दोन बाय दोन इंचाचे पुठ्ठ्याचे होल्डर पुरतात, फक्त खिडकी मायलरची (पारदर्शक पॉलिएस्टरची) हवी. बुऱ्हाणपुरी रुपये, चारमिनार आणि राणीछापांतले उत्तम तेवढे कडक गोल कॅप्सूलमध्ये घाला. कॅप्सूल मापाची घ्या. राणीछाप रुपयाचा व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास असतो. सैल कॅप्सूलमध्ये नाणं खुळखुळतं आणि कडा झिजतात. बुऱ्हाणपुरी म्हणजे मोगली रुपये, हाताने ठसा मारून पाडलेले, गोलाई सारखी नसते, म्हणून ते आधी मोजून मगच मागवा.

होल्डरला स्टेपलर मारलात तर पिनांची टोकं पक्कडीने चपटी करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा पडतो. शिवाय आपल्याकडच्या पिना पावसाळ्यात गंजतात. मी चिकटणारे होल्डर वापरतो.

अमळनेर_वहिनी
काका, पण ठेवायच्या आधी स्वच्छ नको का करायला? चिंच नाहीतर लिंबू-मीठ लावून राखेने घासली की तांब्याचं नाणं लखलखतं. आमच्याकडे दर दिवाळीला करतात.

जंक्शनकाका
वहिनी, तांब्याचा तांब्या खुशाल घासा. नाण्याला नको. चिंचेचं आम्ल नुसता मळ काढत नाही, धातूचा वरचा थरही खातं, आणि राख अक्षरं झिजवते. शिवराईवर मुळात "श्री राजा शिव" आणि "छत्रपति" एवढीच अक्षरं, तीही ठशाबाहेर गेल्यामुळे अर्धी उतरलेली. ती घासून टाकल्यावर उरतो तो तांब्याचा तुकडा. संग्राहकाला गडद तपकिरी शिवराई दाखवा, तो हातात घेईल. चकचकीत दाखवली तर परत देईल. भांड्यांची पावडर, टूथपेस्ट, सोडा, कोला, सगळ्यांचं उत्तर तेच.

फक्त त्या चिकट हिरव्या थरासाठी शुद्ध ॲसिटोन चालतं. नेलपेंट रिमूव्हर नाही, त्यात रंग-सुगंध-तेल असतं. काचेच्या वाटीत नाणं बुडवा, थोड्या वेळाने काढा, नव्या ॲसिटोनमधून एकदा फिरवा, घासू नका, आपोआप वाळू द्या. खिडकी उघडी हवी, आणि गॅस, उदबत्ती, बिडी काही जवळपास नको. भडकतं.

रावेरची_केळी
काका बिडी सोडून किती वर्षं झाली? :)

जंक्शनकाका
अवांतर आहे.

धुळ्याचे_गुरुजी
काकांनी प्लास्टिकचं बरोबर सांगितलं. मी कूलरबद्दल लिहितो, कारण तो प्रश्न खास आपल्या भागाचा आहे आणि मुंबईकरांच्या व्हिडिओत तो येत नाही.

नाण्यांचा शत्रू ओल, आणि ओल म्हणजे पावसाळा, असं आपण धरून चालतो. खान्देशात मे महिन्याची दुपार इतकी कोरडी असते की धुतलेला शर्ट दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतो. म्हणजे उन्हाळ्यात नाणी सुरक्षित असायला हवीत. पण आपण करतो काय? खिडकीत गवताचा कूलर लावतो आणि रात्रभर पाण्यावरून वारा खेळवतो. तो खोली थंड करतो ती हवेत बाष्प मिसळूनच. बाहेर वीस टक्के आर्द्रता असताना आत ती सहज साठीच्या पुढे जाते. सकाळी कूलर बंद, पत्रा तापला, खोली पुन्हा कोरडी. रात्री परत ओली. हे चक्र रोज चालतं, आणि धातूला असा चढउतार सोसत नाही. त्यात कपाट कूलरच्या झोतासमोर असलं तर दार उघडताच ओली हवा थेट नाण्यांवर. माझ्या ओळखीत ज्यांची नाणी डागाळली, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं कपाट कूलरच्याच खोलीत होतं. पावसाळ्याला निष्कारण शिव्या बसतात.

म्हणून पहिला निर्णय जागेचा. तापीकाठ, वरचा मजला बाद. खालच्या मजल्यावरची मधली खोली घ्या, जिला बाहेरची भिंत नाही, जी स्वयंपाकघर आणि न्हाणीला लागून नाही आणि जिथे कूलर नाही. जुन्या धाब्याच्या घरात अशी काळोखी खोली असतेच, धान्याच्या कणग्या असायच्या ती. तिथे कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. मातीच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात आणि वाळवीही तिथूनच चढते. वाळवीला नाण्यात रस नाही, पण पुठ्ठ्याचे होल्डर, लेबलं आणि नानाबाबांची वही ती आनंदाने खाईल. म्हणून कोनाड्यात काही ठेवू नका.

दुसरा निर्णय डब्याचा. होल्डर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डब्याच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन, चालेल. ३ म्हणजे पीव्हीसी, तो नको. श्रीखंडाचा डबाही बहुतेक ५ निघेल, पण झाकण सैल असतं आणि वेलदोड्याचा वास जात नाही. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. आकडा चाळीस टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे.

तिसरी गोष्ट मुहूर्ताची. डबा भरायचा तो मार्चमध्ये, कूलर सुरू होण्याआधी, कोरड्या दुपारी. जुलैत भरलात तर जुलैची हवाही आत कोंडली जाईल.

शिरपूरचा_दादा
गुरुजी, मी तर आगीपासून वाचणारी तिजोरी घेतलीय. तिच्यात ठेवली तर झालं ना सगळं?

धुळ्याचे_गुरुजी
दादा, त्या तिजोरीच्या भिंतीत भरलेल्या मालात पाणी धरून ठेवलेलं असतं. आग लागली की त्याची वाफ होते आणि आतला माल वाचतो. पण एरवीही आतली हवा दमट राहू शकते. तिजोरी ठेवा, आत बंद डबा आणि डब्यात जेल. अधूनमधून उघडून आकडा बघत जा.

प्लायवूडच्या नव्या कपाटाबद्दलही सावध करतो. त्यातून आणि काही लाकडांतून आम्लाची वाफ येते. शिशाची नाणी तिने पांढरी पडून भुगा होतात. कुणाकडे सातवाहनांची शिशाची नाणी असतील तर लाकडी कपाट अजिबात नको. साधं लोखंडी, रंग पूर्ण वाळलेलं कपाट सगळ्यात बरं. आणि डांबर गोळ्या नकोत. कपड्यांना ठीक, प्लास्टिकला नाही.

नंदुरबार_बँकवाला
लॉकरचं मी सांगतो. रिझर्व्ह बँकेचे सुधारित नियम १ जानेवारी २०२२ पासून आहेत. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत. पूर-भूकंपात बँकेचा निष्काळजीपणा नसेल तर तीही नाही. आत काय आहे याची नोंद बँक ठेवत नाही, विमाही काढत नाही. म्हणजे कशाची भरपाई मागायची ते तुम्हालाच दाखवावं लागेल.

म्हणून यादी करा. प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो, वजन, व्यास, कुठून आलं ते. राणीछाप ११.६६ ग्रॅमचा, त्याच्या फार पुढेमागे गेला तर लिहून ठेवा. यादीची एक प्रत बहिणीकडे किंवा भावाकडे. घरविमा असेल तर एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. अनेक पॉलिसींत नाणी वगळलेली असतात, म्हणून लेखी विचारा.

माझं मत: चांदीचे उत्तम रुपये आणि मोगली जोडी लॉकरमध्ये, तेही जेलच्या डब्यात. बाकीची घरात. सगळी लॉकरमध्ये टाकलीत तर वर्षातून एकदाही बघणार नाही, मग जमवायची कशाला?

थाळनेर_किल्लेदार
बुऱ्हाणपुरी रुपयांबद्दल कुणी काहीच का बोलत नाही? अहो, बुऱ्हाणपूर ही फारुकी सुलतानांची, म्हणजे खान्देशची राजधानी. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारुकी संपले. त्या विजयाची असीर टांकसाळीची सोन्याची मोहोर आहे, तिच्यावर ससाणा कोरलाय. मोगलांच्या नाण्यावर पक्षी! पुढे जहांगीर, शाहजहान, औरंगजेब सगळ्यांचे रुपये बुऱ्हाणपूरच्या टांकसाळीत पडले. ते दोन रुपये कुणाचे आहेत ते फोटोवरून सांगता येईल. टाका फोटो इथे.

संपादक
किल्लेदार, माहिती उत्तम, वेगळा धागा काढावा ही विनंती. आणि धागाकर्त्याने गाव लिहिलेलं असताना नाण्यांचे फोटो इथे टाकू नयेत.

नंदुरबार_बँकवाला
संपादकांना +१. फोटो टाकायचेच तर दुसऱ्या आयडीने, आणि त्यातली ठिकाणाची नोंद काढून. गावात शाळेच्या प्रदर्शनाला नाणी दिलीत तर नाव छापू नका म्हणावं. बघायला येणाऱ्याला घरी बोलावू नका, बाहेर भेटा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सगळे मामाच्या गावी जातात आणि गल्ली रिकामी होते, हे चोरालाही ठाऊक असतं.

लखपती_७७
माझ्याकडे वैष्णोदेवीचं नाणं आहे, दहा लाख मिळतात असं ऐकलं. फोन आला होता, आधी थोडा टॅक्स भरायला सांगतात.

नंदुरबार_बँकवाला
भरू नका. जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारासाठी आपल्या नावाने शुल्क, कमिशन किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर केलंय. बँक या धंद्यात नाही. तो नंबर ब्लॉक करा.

आमनी_अहिराणी
राम राम मंडळी. मना मामाना वावरमा नांगरतांना शिवराया सापडन्यात. तेस्ले बी आशाच डबामा ठेवू का भो?

जंक्शनकाका
जिभाऊ, थांबा. जमिनीत सापडलेल्या नाण्यांना १८७८ चा निखात निधी (जमिनीत पुरलेलं धन) कायदा लागतो. दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, दडवणं गुन्हा. मामांना सांगा, तलाठी-तहसीलदारांमार्फत कळवा. तोवर धुवू नका. माती तशीच राहू दे, कोरड्या कागदी पाकिटात ठेवा आणि वावरात नेमकं कुठे सापडली ते लिहा. सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हक्क कायद्यातच आहे, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

आणि ती घरच्या जुन्या शिवरायांत मिसळू नका. जमिनीतल्या तांब्यात क्षार मुरलेले असतात. ओल लागली की फिक्कट हिरवी भुकटी सुटते, नखाने उडते ती. गडद, घट्ट हिरवा थर असेल तर तो नाण्याचं कवच आहे, त्याला हात लावू नये. भुकटी सुटत असेल तर ते नाणं वेगळ्या डब्यात, भरपूर जेल घालून, अगदी कोरडं ठेवायचं.

आमनी_अहिराणी
मामाले सांगस. धन्यवाद काका.

अमळनेर_वहिनी
बरं, चिंच सोडली. पण देवघराचं काय? लक्ष्मीपूजनाला आजेसासूबाईंच्या काळापासून चांदीचे रुपये मांडतो, पंचामृताने स्नान, हळदकुंकू. ते आता बंद करायचं का? तापीकाठच्या आईंनाही हेच वाटत असेल.

धुळ्याचे_गुरुजी
वहिनी, दुधा-दह्याचं आम्ल, मधाची चिकटाई, वर कुंकू. पूजेनंतर नुसतं पुसून ठेवलं तर ते अक्षरांच्या खाचांत बसतं, आणि देवघरात तेल-धुराचा थर रोजचाच. शास्त्र म्हणून सांगायचं तर नको.

सराफा_जळगाव
गुरुजी, असं "नको" म्हटलं तर कुठलीही सासू ऐकणार नाही. आमच्याकडे सराफ्यात वेगळी पद्धत आहे. पूजेचे रुपये ठरलेले असतात. झिजलेले, कडी डाकलेले (झाळून जोडलेली कडी असलेले), ज्यांची संग्राहकाला किंमत नाही असे पाच-सात. त्यांना पंचामृत, हळदकुंकू सगळं. चांगले रुपये कॅप्सूलमध्येच, ते चौरंगावर बाजूला मांडायचे, त्यांच्यावर फक्त अक्षता. लक्ष्मीला चालतं, आजवर तक्रार आलेली नाही. पूजेचे रुपये नंतर साध्या पाण्याने धुऊन टिपून पूर्ण वाळवायचे.

आणि तापीकाठ, एक लोहचुंबक घ्या. १९४७ चे रुपये निकेलचे आहेत, चिकटतील. १९४० ते ४५ च्या राजाछापांत चांदी निम्मीच, पण ते चिकटत नाहीत. राणीछाप चिकटला तर तो खोटा, त्याला कॅप्सूल घालू नका. आजकालची नाणी पोलादी, तीही चिकटतात. चुंबक कापडात गुंडाळून लावा, नाण्यावर आपटू देऊ नका.

तापीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी बसलो. अल्बमची ज्योत हिरवी झाली, पाकिटं टाकली. चुंबकाने वेगळे केलेले रुपये बघून वडील जरा गप्प झाले, कारण "चांदीचे" म्हणून मोजलेल्यांत काही १९४७ चे निकेलचे निघाले. झिजलेले सहा रुपये आईच्या ताब्यात दिले, आई खूश. धान्याची जुनी खोली रिकामी करतोय.

दोन शंका. ॲल्युमिनियमची चिल्लर एकाच डब्यात तांब्याबरोबर चालेल का? आणि जेल ओलं झालं की परत वाळवायचं कसं? ओव्हन नाही. मे महिन्याच्या उन्हात पत्र्यावर पसरलं तर?

धुळ्याचे_गुरुजी
एका डब्यात चालेल, पण प्रत्येक नाणं आपापल्या होल्डरमध्ये हवं. ॲल्युमिनियम तांब्याला टेकून राहिलं आणि ओल लागली तर ॲल्युमिनियमच खाल्लं जातं, पांढरे खड्डे पडतात. चिल्लर फार असेल तर तिचा वेगळा डबा करा. ती मऊ असते, एकमेकींवर घासूनही ओरखडते.

जेलला साधारण १२० अंश लागतात. आपलं ऊन कितीही कडक असलं तरी तेवढं नाही, उन्हात ते अर्धवटच वाळेल. जुन्या लोखंडी तव्यावर मंद आचेवर हलवत राहा, गार झालं की लगेच बंद बरणीत. पण रंग बदलणारे दाणे, निळ्याचे गुलाबी होणारे, त्यांच्यात कोबाल्ट असतं. तो तवा परत भाकरीला नको. पांढरे साधे दाणे घेतले तर हा प्रश्न नाही, फक्त मग आर्द्रतामापकावर लक्ष ठेवावं लागेल.

रावेरची_केळी
तव्यावरून घरात जे होईल त्याला गुरुजी जबाबदार.

सातपुडा_पायथा
उशिरा आलो. आमच्याकडे आजीची राणीछाप रुपयांची माळ आहे, प्रत्येकाला कडी डाकलेली. कड्या काढून रुपये होल्डरमध्ये घालावेत का? एक सोनार तयार आहे.

सराफा_जळगाव
सोनाराला नाही म्हणा. डाक काढताना आच लागणार, डाग राहणार, आणि नाणं पहिल्यासारखं होत नाही. माळ मात्र जाईल. ती आहे तशीच मऊ, न रंगवलेल्या सुती कापडात सैल गुंडाळा. लोकर, मखमल नको, त्यांनी चांदी काळवंडते. मग पॉलिथिनच्या पिशवीत, आणि पिशवी जेलच्या डब्यात. लोंबती ठेवू नका, जुना गोफ वजनाने तुटतो. गोफ बदलायचा असेल तर काळा रेशमी घ्या, आपल्याकडे पटवे अजून गुंफून देतात. कुणाकडे द्यायचा ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंय.